तेविसावी सही

मुझम्मिल होडेकरनं सह्या मागायला नको होत्या. कचेरीतल्या माहिती अधिकारी बाईंनी त्याला दोनदा सांगून पाहिलं होतं, "काका, गोषवारा घ्या ना. रक्कम कळते, नावं कळतात. सह्यांच्या झेरॉक्स घेऊन काय करणार? पानामागं दोन रुपये पडतात उगाच." पण ऐकेल तर तो मुझम्मिल कसला. सत्तावीस वर्षं आखातात तेलाच्या टाक्यांवर चढून त्यानं माप घेतलं होतं. टाकीच्या तोंडातून पोलादी फीत खाली सोडायची, तिच्या टोकाचं पितळी वजन तळाला टेकलं की वर ओढायची, आणि तेल जिथवर चढलं असेल तो आकडा वहीत लिहायचा. एक माणूस कंपनीचा, एक तिथल्या सरकारचा. दोघांनी वाचायचं, दोघांनी सही करायची. सही नसली तर तो आकडा आकडाच नव्हे, मग खाली टाकीत तेल असो की समुद्राचं पाणी. हे त्याच्या हाडात मुरलेलं. म्हणून त्यानं अर्जावर दहा रुपयांचं तिकीट चिकटवून ठणकावून लिहिलं होतं, 'लाभार्थ्यांची यादी, सह्यांच्या प्रतींसह.' आणि आता एकवीस दिवसांनी रजिस्टरनं आलेलं ते जाड पाकीट फोडून तो माळनाक्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसला होता. चहावर साय धरली होती आणि तेविसाव्या नावासमोर त्याच्या बायकोची सही होती.

खतिजा मुझम्मिल होडेकर, मुक्काम तेरबंदर. नुकसानीचा प्रकार, मासेमारीची जाळी निकामी. रक्कम रुपये बारा हजार. तारीख सप्टेंबर अठ्ठ्याण्णवची. बाकीच्या एकोणचाळीस जणांत काही अंगठे होते, काही मराठीतल्या धावत्या सह्या. ही एकटीच उर्दूत. ती चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. नाव लिहिताना आधी सगळी अक्षरं एका ओढीत लिहायची, हात उचलायचा, जरा बघायचं, आणि मग सगळे नुक्ते, अक्षरांचे ठिपके, एकदम टाकायचे. त्या घाईत नुक्ते नेहमी जरासे डावीकडं सरकायचे. सत्तावीस वर्षं दर महिन्याच्या पत्राखाली त्यानं ते सरकलेले नुक्ते पाहिले होते. इथंही ते सरकलेलेच होते. दुसऱ्या कुणी केलेली सही आहे असं म्हणायची सोयच नव्हती. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तीन वर्षं झाली होती तिला जाऊन, आणि अशी समोर आली ती सरकारी कागदावर.

आणि त्यांच्याकडे होडी नव्हती. आडनावापुरती काय ती. बापाच्या मागं असलेलं एक होडकं त्यानं ऐंशी सालीच विकून टाकलं होतं. जाळी निकामी व्हायला जाळी असावी तर लागते.

गोष्ट अशी होती, की सत्त्याण्णवला तेरबंदरच्या समोर, खाडीच्या तोंडाशी, गॅस उतरवायची जेटी झाली. कंपनीनं लेखी दिलं, की उतरवलेल्या गॅसवर टनामागे ठरलेली रक्कम खाडीकाठच्या गावांसाठी दरवर्षी सरकारात भरू. पहिल्या वर्षी गाळ उपसताना ज्यांची जाळी फाटली त्या चाळीस जणांना त्यातून भरपाई वाटली. मग आठ वर्षांत कुणाला काही नाही. विचारलं की म्हणायचे, विकासकामांना वापरला. कुठलं काम? गावात एक बसथांबा झाला, त्याचंही छप्पर गेल्या वादळात भातात जाऊन पडलं. मुझम्मिल परत आला तो दोन हजार तीनला. चौदा महिन्यांनी खतिजा गेली. मग सबंध दिवस करायचं काय, म्हणून तो दुर्बीण घेऊन टेकाडावर जाऊन बसायला लागला. जहाज येताना किती बुडालंय, जाताना किती वर आलंय, हे पोटावरच्या आकड्यांवरून त्याला कळायचं. हे तर त्याचं जन्माचं काम. एका वर्षाची जहाजं त्यानं टिपून ठेवली, टनांचा अंदाज बांधला, रकमेनं गुणलं आणि आलेला आकडा पुन्हा एकदा ताडून पाहिला. आखातात त्याला किती तेल गेलं ते बादलीपर्यंत ठाऊक असायचं, पण ते कितीला गेलं, पैसा कुणाच्या खिशात गेला, हे विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं तर सरकारच्या बाजूचा माणूस हसून म्हणाला होता, "तू मोज." इथं मात्र माहिती अधिकाराचा नवा कायदा आला होता. विचारता येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण मोजलेल्याचं पुढं काय होतं हे त्याला कळणार होतं, आणि त्याला खरं सांगायचं तर त्या कल्पनेनं तरुण झाल्यासारखं वाटत होतं. मुलीनं, हुदानं, हट्टानं रत्नागिरीच्या फ्लॅटवर आणून ठेवल्यापासून तर हेच एक काम उरलं होतं.

पाकिटात बाकीचं सगळं होतं, त्यानं मागितलं तसं. दरवर्षी किती टन उतरले, किती रक्कम जमा झाली, किती खर्च दाखवला. त्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता. जमा झालेल्यातला चौथा हिस्सासुद्धा गावांपर्यंत आलेला नव्हता. एरवी तो उठून नाचला असता. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा, तिथं हे कागद वाचायचे, ठराव करायचा, वर पाठवायचा, असं त्याचं आणि भागोजी पालशेतकरचं महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. भागोजी म्हणजे तेरबंदरच्या खारवीवाडीतला, त्याच्याच वयाचा. त्याची जाळी खरोखरच फाटली होती. दोन जाळी, गाळाच्या यंत्रात जाऊन. पंचनामा झाला, कागद दिले, आणि कचेरीतून उत्तर आलं की चाळीसची यादी भरली. भागोजीनं ते वर्ष दुसऱ्याच्या होडीवर मजुरी करून काढलं. इतकी वर्षं तो एकच वाक्य म्हणत आला होता, "ती यादी मला एकदा बगायची हाय." मुझम्मिलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता, दाखवतो म्हणून. आता दाखव.

दुपार अशीच गेली. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, फोडणीचा वास वर आला. त्याला भूक नव्हती. त्याला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. आपण परमुलुखात उन्हानं भाजून काढलं स्वतःला, हरामाचा एक पैसा घरात येऊ दिला नाही, आणि ही बाई निमूट जाऊन खोटं लिहून बारा हजार घेऊन आली? मला पत्रातून एक ओळ नाही? आणि परत आल्यावर चौदा महिने? रात्रंदिवस समोर होती. आजारपणात त्यानं तिचे पाय चेपले, तिला पेज भरवली. बोलायला वेळ नव्हता असं थोडंच होतं. मग हळूहळू, भिंतीत पाणी मुरत यावं तसं, त्याला ते वर्ष आठवायला लागलं. अठ्ठ्याण्णव. ते वर्ष तो सहसा आठवत नसे.

त्या साली तेलाचा भाव कोसळला आणि ठेकेदारानं अर्धी माणसं कमी केली. मुझम्मिल त्या अर्ध्यात होता. मे ते डिसेंबर, आठ महिने. मंडणगडच्या एका ओळखीच्याच्या खोलीत तो राहिला. एका पलंगावर दोघं, पाळीपाळीनं. तो रात्रपाळी करून आला की मुझम्मिलनं उठायचं. पहाटे लोकांच्या गाड्या धुवायच्या, दिवसभर ओळखीच्या कचेऱ्यांतून फिरायचं, कुणी गाववाला दिसला की रस्ता बदलायचा. घरी त्यानं लिहिलं, साहेबानं पगार बँकेत अडकवलाय, जरा कळ काढ, येईल. नोकरी गेली हे लिहिण्यापेक्षा मेलेलं बरं असं तेव्हा वाटायचं. गावात सगळ्यांची घरं आखाताच्या पैशावर उभी. ज्याची नोकरी जाते त्याच्या बायकोकडे लग्नाकार्यात बायका कशा बघतात हे त्यानं आईच्या वेळेपासून पाहिलं होतं. खतिजाचं उलट पत्र यायचं, 'इथं सर्व ठीक आहे. काळजी नसावी. हुदाची शाळा चालू आहे.' तो ते वाचायचा आणि म्हणायचा, फसली. बरं झालं फसली. मग जानेवारीत दुसरी नोकरी लागली, त्यानं एकदम तीन महिन्यांचे पैसे उसने घेऊन पाठवले आणि लिहिलं, बँकेनं सोडले एकदाचे. ते गुपित त्यानं तिच्या कबरीत मूठभर माती टाकेपर्यंत जपलं. त्या आठ महिन्यांइतका एकटा तो आयुष्यात कधी नव्हता, असं त्याला नेहमी वाटे.

शुक्रवारी दोह्याहून हुदाचा फोन आला. नेहमीचं झालं, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. मग त्यानं विचारलं, "अठ्ठ्याण्णव साली तू कितवीत होतीस?"

"आठवीत. का?"

"घरात कसं काय होतं तेव्हा?"

हुदा जरा हसली. "अब्बा, आज हे काय मधेच? तेव्हा ना, आम्ही सारखी पेज खायचो. सकाळ-संध्याकाळ पेज. अम्मी म्हणायची, पोटाची साथ आलीय, जड खायचं नाही. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलेले, आमच्याकडे साथ आलीय." मग तिला आठवलं. "बांगड्या पण तेव्हाच गेल्या अम्मीच्या. माझी फी थकली होती, बाईंनी उभं केलेलं. मग एक दिवस ती पैसे घेऊन आली. कुठून आणले विचारलं तर म्हणाली, तुझ्या अब्बांनी पाठवले. तुम्हीच पाठवलेले ना?"

"हो," मुझम्मिल म्हणाला. "मीच."

त्यानं फोन ठेवला. त्याला खतिजाची लाज वाटली नाही, दया आली, आणि दयेपाठोपाठ स्वतःची किळस आली. कचेरीच्या दारात डोक्यावरचा पदर पुढं ओढून बायकांच्या रांगेत उभी असेल. जाळीच्या भोकाचं माप किती, धागा कुठला, असं कुणी विचारलं असेल तर काय बोलली असेल? तिनं आयुष्यात जाळं हातात धरलं नव्हतं. खोटं बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. तेव्हा झाल्याच असणार, आणि समोरच्या बाबूला त्याचं काय.

पण भागोजी? जागा चाळीस. त्यातली एक जिनं अडवली तिचं नाव तेवीस नंबरला होतं. हे त्याला झोप लागू देईना. आणि नाव वाचलं तर? गावच्या सभेत, सरपंचासमोर, जमातीच्या माणसांसमोर, मेलेल्या बाईला खोटारडी म्हणायचं आणि तेही नवऱ्यानं. तिच्यामागं तिचं चांगलं नाव तेवढं राहिलं होतं. तिच्या मयतीला खारवीवाडीतल्या बायकासुद्धा रडल्या होत्या. छे. हे त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

चोवीस तारखेला तो कागद घेऊन बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकान सगुणाबाई नावाची एक विधवा बाई चालवत असे. तेविसाव्या ओळीवर त्यानं कापलेली कागदाची पट्टी ठेवली आणि म्हणाला, "अशीच काढा." बाईनं पट्टी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं, यंत्राचं झाकण लावलं. प्रत बाहेर आली. बावीस, मग पांढरं, मग चोवीस.

"काका, नंबर उडतोय," ती सहज म्हणाली. "खालचे सगळे एकेकानं वर चढवून देऊ? पट्ट्या लावून होतं. एकोणचाळीसचीच यादी दिसंल. लोक करून नेतात."

लोक करून नेतात. तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं, गिऱ्हाइकाची सोय बघत होती बिचारी. पण मुझम्मिलला आखात आठवलं. तिकडं टाकीवर एका साहेबानं त्याला असंच सांगितलं होतं, दोन बोटं कमी लिही, इतक्या मोठ्या टाकीत कुणाला कळतंय. दोन बोटं म्हणजे केवढं तेल हे त्याला ठाऊक होतं. त्यानं लिहिलं नव्हतं. आयुष्यभर त्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. "नको," तो म्हणाला, "नंबर राहूदेत. आणि एक प्रत पट्टी न लावता पण काढा." पैसे देऊन तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन याद्या होत्या. कुठली वाचायची हे त्यानं ठरवलं नव्हतं. म्हणजे पट्टीवालीच वाचायची असं ठरवलं होतं, पण ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

सव्वीसला सकाळच्या गाडीनं तो तेरबंदरला उतरला. झेंडा झाला होता. शाळेच्या वर्गात सभा होती, माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे अवघडून बसली होती, बायका मागं उभ्या. पुढच्या बाकावर भागोजी, धुतलेला सदरा घालून, मांडीवर आपल्या जुन्या पंचनाम्याचा कागद. त्याची बायको विमला खिडकीपाशी. भागोजीनं मुझम्मिलला बघून मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात इतका विश्वास होता, की मुझम्मिलला वाटलं आत्ताच्या आत्ता पाठ फिरवावी आणि परतीची गाडी पकडावी.

त्यानं आधी टन वाचले, मग रकमा. वर्गात कुजबुज वाढली. कुणीतरी मागून म्हणालं, "एवढा पैसा आला? आणि आमाला थांबा?" सरपंच खुर्चीत पुढं सरकले. दहा वर्षं तेच निवडून येत होते, हाडाचा राजकारणी माणूस. ते गोड आवाजात म्हणाले, "होडेकरभाई, हे अस्सल कागद आहेत ना? कुठं खाडाखोड, काही गाळलेलं? नाहीतर आपण वर ठराव पाठवायचा आणि साहेब म्हणायचे, तुमचाच कागद लंगडा. एका ओळीपायी सगळं फेकून देतील. मी आपलं गावाच्या भल्यासाठी विचारतो."

मुझम्मिलनं पिशवीत हात घातला. दोन्ही याद्या बोटांना लागत होत्या, आणि कुठली कुठली ते बोटांना कळत नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही बाहेर काढल्या, पट्टीवाली घडी करून खिशात घातली आणि दुसरी वाचायला घेतली. एक, दोन, तीन. चार-सहा नावं तर अशी निघाली, की त्या माणसांनी खाडीत कधी पाय बुडवला नव्हता. एक सरपंचांचा भाचा होता. लोक हसले, काही रागावले. बावीस झालं.

"तेवीस," तो म्हणाला. "खतिजा मुझम्मिल होडेकर."

सरपंचांच्या चेहऱ्यावर कसलंसं समाधान आलं. "जाऊद्या भाई," ते म्हणाले, "मयत माणसाचं नाव कशाला."

"नाही. लिहून घ्या," मुझम्मिल म्हणाला. त्याला वाटत होतं तसा आवाज फाटला नाही, उलट माप वाचून दाखवताना असायचा तसा सपाट लागला. "जाळी निकामी, बारा हजार. आमच्याकडे जाळी नव्हती. होडी नव्हती. त्या वर्षी माझी नोकरी गेली होती. आठ महिने मी एक पैसा पाठवला नाही. आणि बायकोला सांगितलंही नाही. खोटं लिहिलं, पैसे बँकेत अडकलेत म्हणून. घरात पेजेवर होती पोरगी. तिनं हे केलं ते माझ्यामुळं. ही जागा भागोजीची होती." तो भागोजीकडे बघू शकला नाही. जे वाक्य खतिजाला सांगायचं राहिलं होतं ते त्यानं पन्नास माणसांना सांगितलं होतं, आणि ती त्यात नव्हती.

भागोजी उठला. पंचनाम्याचा कागद त्यानं खिशात ठेवला. "जागा माझी व्हती ता खरा," तो म्हणाला. "आता यादी ऐकून खात्री झाली. पन मुझम्मिलभाय, एक चुकताव तुमी. भाबीना ठावं व्हतं."

"काय ठावं होतं?"

"नोकरी गेली ता. तो तुमचा मंडणगडवाला सुट्टीवर आलावता, त्यानं येऊन सांगितलान त्यांना. गाड्या धुताव ता पन सांगितलान. भाबी आमच्या घरी आल्या, ह्या विमलासमोर बसल्या. म्हनाल्या, यादीत नाव देतेय, कुनाची तरी जागा जाईल, तुमची गेली तर माफ करा. मी नको म्हटलं. माझीपन पोरं व्हती, मी कशाला हो म्हनू? तरी त्यांनी दिलान. मग मी दोन वर्षं बोललो नाय त्यांच्याशी."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यांनीच घातलीवती शप्पत," खिडकीपाशी विमला म्हणाली. "म्हनाल्या, त्यांना वाटतंय मना काय ठावं नाय. त्यावरच उभे हायेत ते तिकडं. तेवढं काढून घेऊ नका."

बँकेनं सोडले एकदाचे, असं त्यानं लिहिलं होतं, आणि ती ते वाचत बसली होती, चिमणीच्या उजेडात, सगळं ठाऊक असून. 'इथं सर्व ठीक आहे.' फसला होता तो. त्या आठ महिन्यांत ती रोज त्याच्याबरोबर होती, त्या खोलीत, त्या गाड्यांपाशी, रस्ता बदलताना, आणि तो मात्र स्वतःला एकटा समजून आयुष्य काढत आला. एकटा तो तेव्हा नव्हताच. एकटा तो आता होता. आता कुठं जाऊन तिला सांगायचं, की मलाही कळलं?

भागोजी अजून उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि माफीही नव्हती, एक म्हातारा थकलेला माणूस तेवढा दिसत होता. मागून कुणीतरी खाकरलं. "पुढचा वाचा," भागोजी म्हणाला, आणि बाकावर बसला.

मुझम्मिलनं कागद डोळ्यांजवळ धरला. अक्षरं काही केल्या एका जागी राहीनात. त्यानं बोट ठेवून ओळ पकडली आणि चोविसावं नाव वाचलं.